भरलेली कॅसेट : ग्रामीण वऱ्हाडातील स्वतंत्र संगीताची देवाणघेवाण (विशेष संदर्भ : कारंजा-कामरगाव परिसर)

प्रस्तावना

चित्रपट आणि आकाशवाणी यांच्या कक्षेबाहेरचे संगीत खेड्यातील श्रोत्यापर्यंत नेमके कोणत्या मार्गाने पोहोचले, हा प्रश्न मराठी संगीतविषयक लेखनात फारसा विचारला गेलेला नाही. गायकांची आणि कवींची चरित्रे लिहिली गेली, संगीताच्या घराण्यांचे इतिहास सिद्ध झाले. परंतु एखादे गाणे एका घरातून दुसऱ्या घरात कोणी नेले, कोणाच्या निवडीमुळे ते गावात रुजले, याची नोंद क्वचितच आढळते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत हे काम बहुतांशी कॅसेटने म्हणजे ध्वनिफितीने केले; आणि तेही विकत घेतलेल्या छापील वेष्टनाच्या कॅसेटपेक्षा 'भरून घेतलेल्या' कॅसेटने अधिक.

आपल्या आवडीची गाणी निवडून, त्यांचा क्रम लावून, कोऱ्या कॅसेटवर उतरवणे आणि ती दुसऱ्याला ऐकण्यासाठी देणे या प्रथेला पाश्चात्त्य देशांत 'मिक्सटेप' असे नाव मिळाले. ब्रिटनमधील ध्वनिमुद्रण उद्योगाला या प्रथेची इतकी धास्ती वाटली की, घरगुती ध्वनिमुद्रणामुळे संगीत मरत आहे अशा अर्थाची मोहीम त्याने १९८१ मध्ये हाती घेतली. त्याच ब्रिटनमध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या संगीतविषयक साप्ताहिकाने १९८६ मध्ये बावीस अपरिचित वाद्यवृंदांची गाणी एकाच कॅसेटवर एकत्र करून वाचकांना उपलब्ध करून दिली. 'सी ८६' या नावाची ती कॅसेट पुढे तेथील स्वतंत्र संगीताची ओळख बनली. वऱ्हाडात मिक्सटेप हा शब्द आला नाही. येथे 'कॅसेट भरणे' हा साधा मराठी शब्दप्रयोग रूढ झाला, आणि तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कामरगाव हे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील गाव. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत हा सारा भाग अकोला जिल्ह्यात मोडत असे. अमरावती जिल्हा लगतच असल्याने राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९-१९६८) खंजेरी भजनांचा प्रभाव या पट्ट्यात खोल आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर भीमगीते व बुद्धगीते यांचा प्रवाह गावोगावी वाहू लागला. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान याच जिल्ह्यात असून तेथे रामनवमीला मोठी यात्रा भरते; त्या समाजाची गाणी त्यांच्या स्वतःच्या बोलीत आहेत. हे तिन्ही प्रवाह चित्रपटसृष्टीवर अवलंबून नाहीत. 'स्वतंत्र संगीत' ही संज्ञा आज महानगरातील तरुण वाद्यवृंदांसाठी योजली जाते. पण मोठ्या कंपनीच्या आणि चित्रपटाच्या आधाराविना निर्माण होणारे व टिकून राहणारे संगीत असा तिचा अर्थ घेतला, तर ती या तिन्ही प्रवाहांना अधिक रास्तपणे लागू पडते.

कॅसेटपूर्व काळ

कॅसेटपूर्वी ध्वनिमुद्रित संगीत म्हणजे ग्रामोफोनची तबकडी. तिच्या प्रत्येक बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. तबकडी दाबण्याचा कारखाना दूर कलकत्त्याजवळ डमडम येथे. कोणाचे गाणे मुद्रित करावयाचे याचा निर्णय कंपनीच्या हाती. चार-पाच तास रंगणारी कव्वाली अथवा रात्रभर चालणारे भजन या मापात बसणे अशक्य होते. शिवाय ग्रामोफोन यंत्र ही शेतमजुराच्या घरातील वस्तू नव्हती.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. त्याद्वारे विदर्भातील कलावंतांना संधी मिळाली खरी. मात्र स्वरचाचणीचे निकष आणि मोजका प्रसारणवेळ यांतून फार थोडी नावे पुढे येत. दुसरीकडे रेडिओ सिलोनवरून १९५२ पासून बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी यांच्या निवेदनाने रंगणारा हा बुधवार रात्रीचा कार्यक्रम म्हणजे साप्ताहिक गीतनिवडीचा सर्वांत लोकप्रिय नमुना होय. आठवड्याला एकदा, ठरलेल्या वेळी, कोणीतरी निवडून क्रम लावलेली गाणी ऐकणे ही सवय खेड्यापाड्यांतील श्रोत्यांना या कार्यक्रमाने लावली. परंतु ती निवड केवळ हिंदी चित्रपटगीतांची होती. भीमगीत अथवा खंजेरी भजन तेथे लागण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचा प्रसार प्रत्यक्ष कार्यक्रमातून, म्हणजे जलशातून, कव्वालीच्या सामन्यातून, सप्ताहातून होत असे. कलापथक येऊन गेले की ज्याला जेवढे पाठ झाले तेवढे गाव पुढे गात राही.

कॅसेटचे आगमन

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात छोटी कॅसेट सादर केली. तिच्यातील फीत अवघी ३.८१ मिलिमीटर रुंदीची असून ती सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशी सुमारे नव्वद मीटर फीत असते. प्रत्येक बाजूस अर्धा तास. ही मापे मुद्दाम देण्याचे कारण असे की, पुढे ज्या निवडप्रक्रियेचे विवेचन येणार आहे ती या अर्ध्या तासाच्या मर्यादेतूनच घडली.

भारतात सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आखाती देशांतून परतणाऱ्या कामगारांनी रेडिओ व टेपरेकॉर्डर एकत्र असलेले 'टू-इन-वन' आणले. आयातीवरील निर्बंध सैल होताच देशातही यंत्रे व कोऱ्या फिती तयार होऊ लागल्या. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या सुपर कॅसेट्स अर्थात टी-सिरीज या कंपनीने किंमत इतकी खाली आणली की जुन्या कंपनीची मक्तेदारी काही वर्षांतच मोडली. अमेरिकन संगीतसंशोधक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात या स्थित्यंतराचा सविस्तर अभ्यास केला आहे. ध्वनिमुद्रणाचे साधन स्वस्त व विकेंद्रित झाल्यामुळे प्रादेशिक, जातिसमूहांचे आणि भक्तिपर संगीत प्रथमच बाजारात मोठ्या प्रमाणावर आले, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होय. त्यांचा अभ्यास मुख्यतः उत्तर भारताचा असला, तरी महाराष्ट्रातील चित्र त्याहून फार वेगळे नव्हते.

मराठीत या लाटेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे शिंदे कुटुंब. प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांचा आवाज विठ्ठलाच्या भक्तिगीतांतून आषाढीला आणि भीमगीतांतून जयंतीला सारख्याच आत्मीयतेने ऐकला गेला. आनंद शिंदे व मिलिंद शिंदे या त्यांच्या पुत्रांनी ऐंशीच्या दशकात कॅसेटच्या बाजारात अभूतपूर्व लोकप्रियता मिळवली. विठ्ठल उमप (१९३१-२०१०) यांच्यासारखा शाहीर मंचावरून कॅसेटवर आला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गीते तर असंख्य गायकांच्या कंठातून फितीवर उतरली. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी आणि मुंबईच्या चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला पुस्तकांच्या दुकानांशेजारी कॅसेटची दुकाने लागू लागली. नागपूरहून परतणारा प्रवासी पिशवीत एखादे पुस्तक आणि एखादी नवी कॅसेट घेऊन येई. ती एक कॅसेट गावात आली की खरे कार्य सुरू होई.

'भरून देणे'

तालुक्याच्या ठिकाणी, बसस्थानकाच्या आसपास, कॅसेटचे एखादे तरी दुकान असे. दर्शनी भागात कंपन्यांच्या कॅसेट मांडलेल्या, आतल्या बाजूस दोन खणांचा डेक. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून देई. दुकानदार कोऱ्या कॅसेटची किंमत व भरणावळ सांगे आणि पुढच्या खेपेला या, असे म्हणे. पुढची खेप म्हणजे बहुधा पुढचा आठवडी बाजार. खेड्यातील माणसाचे तालुक्याला अथवा बाजाराच्या गावाला येणे आठवड्यातून एकदाच होत असल्याने, यादी देणे आणि भरलेली कॅसेट नेणे यांत आपोआप सात दिवसांचे अंतर पडे. आठवडी बाजाराची ही लय कॅसेटच्या देवाणघेवाणीलाही लागली. बाजारात वीळे-दोऱ्यांच्या पालाशेजारी खाटेवर कॅसेट मांडून बसणारा फिरता विक्रेता हा या साखळीचा दुसरा दुवा होता. त्याच्याजवळच्या कर्ण्यावर सतत काहीतरी वाजत असे, आणि जे वाजे ते विकले जाई.

साठ मिनिटांच्या कॅसेटवर पाच-सहा मिनिटांची दहा-बारा गाणी मावत. यादी क्वचितच तंतोतंत बसे. एका बाजूस पाच गाणी भरली की दोन-चार मिनिटांची फीत उरे. ती कोरी सोडणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक समजली जाई, आणि अर्धवट तुटलेले गाणे कोणालाच नको असे. अशा वेळी दुकानदार त्या उरलेल्या जागेत आपल्या पसंतीचे एखादे छोटे गाणे भरी. स्वतंत्र संगीताच्या प्रसाराचा विचार करताना या उरलेल्या फितीला फार महत्त्व द्यावे लागते. यादीतील गाणी श्रोत्याला आधीच ठाऊक होती. ती त्याने कोठेतरी ऐकली होती म्हणूनच यादीत आली. न मागितलेले गाणे मात्र त्याच्यासाठी नवे असे. कॅसेटवर पुढे उडी मारणे कटकटीचे असल्याने ते गाणे आपसूक कानावर पडत राही. दहा वेळा कॅसेट वाजली की ते दहा वेळा ऐकले जाई, आणि पुढच्या यादीत त्या गायकाचे नाव येई.

दुकानदाराची ही निवड आंधळी नसे. समोरचा माणूस कोणत्या वस्तीतला, घरी भजनी मंडळ आहे की जयंतीची मिरवणूक काढणारे तरुण आहेत, त्याला संथ चाल रुचते की ढोलकीचा ठेका, हे तो जाणून असे. बिनाका गीतमालेची यादी सर्वांसाठी एकच होती. ही यादी एका घरासाठी होती. गीतमालेचे मोठेपण कोणी नाकारणार नाही, परंतु अपरिचित गायकाला श्रोता मिळवून देण्याच्या कामी तालुक्यातील या अनाम दुकानदारांनी अधिक केले, असे म्हणण्यास जागा आहे. अर्थात त्यामागे धंदाही होता. ज्या कॅसेटवर त्याला अधिक नफा, तिच्यातील गाणे उरलेल्या फितीवर जाण्याचा संभव अधिक, हे विसरून चालणार नाही.

दुकानाबाहेरही ही देवाणघेवाण चाले. लग्नानंतर सासरी जाणाऱ्या बहिणीला, पुण्या-मुंबईस कामासाठी गेलेल्या भावाला, वसतिगृहातील मित्राला गाणी भरून पाठवली जात. बाजूच्या गावात एखाद्या कीर्तनकाराचा कार्यक्रम असला की मंचाच्या कडेला चार-सहा टेपरेकॉर्डर मांडलेले दिसत. अकोट परिसरातील सत्यपाल महाराज यांच्या सप्तखंजेरीसह होणाऱ्या प्रबोधनपर कीर्तनांची कीर्ती ध्वनिमुद्रणांच्या द्वारेही पसरली. अशा थेट मुद्रणात श्रोत्यांचे हसणे, मध्येच खंडित होणारी वीज, माइकवरून पुकारलेले कोणाचे तरी नाव हे सारे उतरत असे. कंपनीच्या स्वच्छ मुद्रणात न सापडणारी ही सामग्री आज संशोधकाच्या दृष्टीने अधिक मोलाची ठरते.

प्रतीची प्रत आणि कवीचे नाव

अनुरूप पद्धतीच्या मुद्रणात प्रत्येक प्रतीबरोबर फितीची स्वतःची खरखर मूळ ध्वनीत मिसळते. प्रतीवरून पुन्हा प्रत केली की ती आणखी वाढते, आणि दुप्पट वेगाने उतरवल्यास झांजेसारख्या वाद्यांचे उंच स्वर बोथट होतात. चौथ्या-पाचव्या पिढीच्या प्रतीत शब्द कळत. साथीची वाद्ये मात्र एकमेकांत विरघळून जात. गावात फिरणाऱ्या बहुतेक कॅसेट अशाच होत्या.

प्रतीत आवाजाइतकीच आणखी एक गोष्ट हरवत असे, ती म्हणजे छापील वेष्टन. मूळ कॅसेटच्या कागदावर गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे असत. भरलेल्या कॅसेटवर फार तर 'भीमगीते', 'भजन', 'मिक्स' एवढेच लिहिलेले. अशा परिस्थितीत कवीचे नाव टिकावयास नको होते. प्रत्यक्षात ते बऱ्याच अंशी टिकले. याचे कारण छापखान्यापूर्वीच्या एका जुन्या मराठी रीतीत आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात संत आपली नाममुद्रा गुंफत. भीमगीतांच्या कवींनी ही रीत स्वीकारली. वामनदादांच्या गीतांत अखेरच्या कडव्यात 'वामन' येतो. तुकडोजी महाराजांच्या भजनांतही 'तुकड्या' अशी नाममुद्रा येते. हस्तलिखिताच्या काळात नकलाकाराच्या हातून कर्त्याचे नाव सुटू नये म्हणून जी योजना उपयोगी पडली, तीच कॅसेटच्या नकलांतही कामी आली. गाण्याच्या पोटातच नाव असल्यामुळे वेष्टन हरवले तरी कर्ता हरवला नाही.

ही व्यवस्था दोन ठिकाणी अपुरी पडली. एक, नाममुद्रा कवीची असते. हार्मोनियम, ढोलकी, बुलबुलतरंग वाजवणाऱ्याची नसते. भरलेल्या कॅसेटमधून वादकांची नावे जवळजवळ संपूर्णपणे पुसली गेली. दुसरे, कव्वालीच्या बाजाची गीते लांब असत. बाजूच्या शेवटी फीत संपली की नेमके अखेरचे कडवे तुटे, आणि त्याबरोबर नावही जाई. घरोघरीच्या कॅसेटवर अशी बिननावाची, शेवट तुटलेली गाणी आढळतात, ती यामुळे.

मोबदल्याचा प्रश्न

कॅसेट भरून देणे हा व्यवसाय कायद्याने मान्य नव्हता. १९५७ च्या स्वामित्व हक्क अधिनियमात १९८४ साली दुरुस्ती होऊन अनधिकृत प्रतींबद्दलची शिक्षा वाढवण्यात आली : किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. स्वतःच्या खाजगी वापरासाठी उतरवून घेणे निराळे आणि पैसे घेऊन दुसऱ्याला भरून देणे निराळे; दुसरी गोष्ट उघडच या शिक्षेच्या कक्षेत येत होती.

तरीही नुकसान नेमके कोणाचे झाले, हे बारकाईने पाहावे लागते. त्या काळी लोकगायकाने एकरकमी मानधन घेऊन कंपनीला गाणे दिले, की पुढील विक्रीतून त्याला काही मिळणे दुरापास्त होते. किंबहुना गायक-वादकांना कलाप्रयोगावरील हक्क म्हणून भारतीय कायद्यात स्थानच नव्हते. ते १९९४ च्या दुरुस्तीने प्रथम मिळाले. गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वशुल्कातील आपला वाटा पूर्णपणे सोडून देता येणार नाही, अशी तरतूद होण्यास २०१२ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्या वर्षांत ही गाणी लाखो श्रोत्यांनी ऐकली, त्या वर्षांत प्रत अधिकृत असो वा अनधिकृत, ढोलकीवाल्याच्या हाती फरक पडत नव्हता. कंपनीचे मात्र निश्चितपणे नुकसान झाले, आणि ज्या छोट्या स्थानिक कंपन्या अशा संगीतावरच तगून होत्या त्यांना हे अधिक जाणवले असणार. भरलेल्या कॅसेटचे कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. दुसऱ्या बाजूने, लोकगायकाची उपजीविका मुख्यतः प्रत्यक्ष कार्यक्रमांवर चाले, आणि कार्यक्रमाचे आमंत्रण त्याची कॅसेट ज्या गावात वाजली तेथूनच येई.

कॅसेटनंतर

एकविसाव्या शतकाच्या आरंभी एमपी३ सीडी आली. एका चकतीवर शंभराहून अधिक गाणी मावू लागली. पुढे भ्रमणध्वनीतील मेमरी कार्ड आले. मिनिटाला सुमारे एक मेगाबाइट असा हिशेब धरला तर दोन गिगाबाइटच्या कार्डात चारशेच्या आसपास गाणी बसतात. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदाराने जुन्या कॅसेटवाल्याची जागा घेतली, आणि भाषेने क्रियापद तेच ठेवले : 'कार्ड भरून द्या'. काम मात्र तेच राहिले नाही. दहा गाण्यांसाठी यादी लागे. चारशे गाण्यांसाठी कोणी यादी देत नाही. दुकानदार संगणकातील एक आख्खा संच कार्डात उतरवून देऊ लागला. उरलेली फीत हा प्रकारच संपल्यामुळे तिच्यातून होणारी ओळखही संपली. चारशे गाण्यांच्या ढिगात नवे गाणे असते, परंतु ते दहा वेळा कानावर पडण्याची सक्ती उरत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर स्वस्त इंटरनेट खेड्यात पोहोचले आणि कार्ड भरण्याचा धंदाही ओसरला. नव्या माध्यमाने काही कलावंतांना जे दिले ते कॅसेटला कधीच देता आले नसते. एकतारीवर भीमगीते गाणाऱ्या मराठवाड्यातील कडुबाई खरात भ्रमणध्वनीवरील चित्रफितींमुळे महाराष्ट्रभर पोहोचल्या. त्यासाठी कोणत्याही कंपनीच्या दारात जावे लागले नाही. मात्र आता पुढचे गाणे कोणते लागावे हे यंत्रातील गणित सुचवते. श्रोत्याने पूर्वी काय ऐकले यावरून ते सुचवते. तो कोणत्या वस्तीतला, त्याच्या घरी सप्ताह आहे की जयंती, हे त्याला माहीत नसते.

जतनाचा प्रश्न

या साऱ्या देवाणघेवाणीचा पुरावा म्हणून आज उरल्या आहेत त्या माळ्यावरच्या पेटीतील कॅसेट. चुंबकीय फितीवरील लोहकणांना धरून ठेवणारा लेप कालांतराने ओलावा शोषून चिकट होतो, फितीवर बुरशी धरते, दाबाची स्पंजपट्टी निखळते. वऱ्हाडातील उन्हाळा आणि त्यामागोमाग येणारा दमट पावसाळा यांत चाळीस वर्षे काढलेल्या फितीजवळ फार वेळ शिल्लक नाही.

पुस्तकाच्या बाबतीत निदान कायदेशीर आधार आहे. १९५४ च्या ग्रंथ प्रदान अधिनियमानुसार प्रकाशित पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय व अन्य नियत ग्रंथालयांकडे पाठवाव्या लागतात. १९५६ पासून वृत्तपत्रेही त्यात आली. ध्वनिमुद्रणांना हा अधिनियम लागू नाही. त्यामुळे एखाद्या छोट्या कंपनीने १९८८ मध्ये काढलेली बंजारा गीतांची कॅसेट कोणत्याही सार्वजनिक संग्रहात असण्याची हमी नाही. १९८२ मध्ये स्थापन झालेले व आता गुरगाव येथे असलेले अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे संगीत अभिलेखागार मोलाचे कार्य करते, पण तेथे प्रामुख्याने संशोधकांनी केलेली ध्वनिमुद्रणे आहेत. महाराष्ट्रात गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण झाले आणि 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या उपक्रमाने त्या लोकांसमोर आणल्या. नियोजनपूर्वक केलेले संकलन काय साधू शकते याचा तो आदर्श होय. बाजारातील कॅसेटला, आणि त्यातही भरलेल्या कॅसेटला, असा वाली मिळालेला नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला ती बाजारू वाटली आणि बाजाराला ती चोरीची.

कायद्याची अडचणही आहे. ध्वनिमुद्रणावरील स्वामित्व हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९८५ ची कॅसेट २०४५ च्या अखेरपर्यंत संरक्षित राहील. तोपर्यंत फीत टिकणार नाही. तथापि २०१२ च्या दुरुस्तीने अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये एक उपखंड समाविष्ट केला आहे. आपल्याकडे अंकीय नसलेली प्रत आधीपासून असल्यास अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते, असा त्याचा आशय आहे. यातून प्रसारणाची वा विक्रीची मुभा मिळत नाही. शिवाय ही तरतूद अधिकृत प्रतीच्या बाबतीत जितकी निःसंदिग्ध आहे तितकी दुकानातून भरलेल्या कॅसेटच्या बाबतीत नाही. गावातील कार्यक्रमाच्या घरगुती मुद्रणासाठी गायकाची अथवा त्याच्या वारसांची संमती घेणे हा सरळ मार्ग होय, आणि अशी माणसे बहुधा पंचक्रोशीतच सापडतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेली 'ड' वर्गापर्यंतची ग्रंथालये खेडोपाडी आहेत. त्यांनी कॅसेट देणगी म्हणून स्वीकारून दाखल नोंदवहीत त्यांची नोंद केली, तर निदान पहिले पाऊल पडते.

तांत्रिक बाजू खर्चिक नाही, वेळखाऊ आहे. प्रथम कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडावेत, म्हणजे चुकून पुसले जाण्याचा धोका टळतो. फीत एकदा पूर्ण पुढे व पूर्ण मागे गुंडाळून सैल करून घ्यावी. यंत्राचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करावे. एकाच गाण्याच्या अनेक प्रती असल्यास सर्वांत कमी खरखर असलेली, म्हणजे मूळच्या अधिक जवळची, निवडावी. ध्वनी अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या प्रमाणात असंपीडित स्वरूपात मुद्रण करावे. एमपी३ ही ऐकण्याची प्रत आहे, जतनाची नव्हे. वेष्टनाचे, तसेच हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र घ्यावे. ती कॅसेट कोणी, कोणासाठी, कोठे भरली हे देणाऱ्याला विचारून लिहून ठेवावे, कारण ही माहिती फितीवर नसते आणि सांगणारी माणसे साठी-सत्तरीत आहेत.

साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात. घाई करता येत नाही. दोनशे कॅसेटचा संग्रह म्हणजे दोनशे तास, रोज दोन तास दिले तर शंभर दिवस. त्यामुळे क्रम ठरवणे भाग आहे. चित्रपटगीतांच्या कॅसेट शेवटी घ्याव्यात, ती गाणी अन्यत्र सुरक्षित आहेत. आधी कार्यक्रमांची घरगुती मुद्रणे, त्यानंतर छोट्या कंपन्यांच्या कॅसेट, त्यानंतर भरलेल्या कॅसेट. भरलेल्या कॅसेटवर ओळखीची गाणी संपली म्हणून यंत्र थांबवू नये. फीत दोन्ही बाजूंस अखेरपर्यंत चालू द्यावी, कारण यादीत नसलेले गाणे असेल तर ते तेथेच असते.